अर्ध्या माणसांची जोडी

१

सेनहोर गावच्या बुरुजावर त्या संध्याकाळी कबुतरं उतरेनात.

द्राक्षं तुडवायचा सण होता. दुपारपासून अख्खं गाव प्यायलं होतं आणि आता जागा मिळेल तिथं लोळत होतं. शुद्धीवर होता तो एकटा पमून. गावरक्षकाचं काम त्याच्याकडे होतं, आणि सैन्यात पंचवीस वर्षं काढल्यावर सणाच्या दिवशी न पिण्याची खोड त्याला लागली होती. सणाच्या दिवशीच माणसं मरतात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं मान वर केली. शेकडो कबुतरं बुरुजाभोवती घिरट्या घालत होती, आणि एकही भिंतीतल्या खोपीत शिरत नव्हतं.

म्हणजे आत कुणीतरी होतं.

दुखरा पाय ओढत तो बुरुजापाशी गेला. बुरुजाचं दार जेमतेम गुडघ्याच्या वर येईल एवढं. पमून पोटावर सरपटत आत गेला. कबुतरांच्या खताच्या ढिगावर फिब पडला होता, बुरुजातलं खत काढणारा. बावीस वर्षांचा गडी, पण अंगानं एवढासा. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला होता.

पमूनला रक्त नवं नव्हतं. मनगटाच्या वर आवळलेला दोर त्यानं आधी सोडला. गाठ सुटता सुटेना. टोकं दोनदा फिरवून खाली खोचलेली होती. मग कमरेचं फडकं फाडून त्यानं जखम बांधायला घेतली.

"कुणी केलं रे हे?"

फिबनं डोळे उघडले. अफूच्या काढ्यानं ते जड झाले होते. "मीच," तो म्हणाला. "मीच तोडला, पमूनकाका."

पमूननं त्याचा हात तसाच खाली टाकला.

"भेकडा!" तो ओरडला, आणि वरची कबुतरं पुन्हा फडफडून दूर गेली. "भरतीचा अंमलदार यायला तीन दिवस राहिले म्हणून अंगठा तोडतोस? उत्तरेच्या नदीवर आम्ही उभे होतो तेव्हा आमच्या रांगेत एकवीस जागा मोकळ्या होत्या. एकवीस! तुझ्यासारखे एकवीस जण घरी अंगठा तोडून बसले होते. त्या मोकळ्या जागांतून घुसले ते आणि आमची माणसं कापून काढली. माझा पाय असा झाला तो त्या दिवशी."

फिबनं मान वळवली.

"आणि सुटशील असं वाटलं तुला? नवा हुकूम ठाऊक नाही? अंगठा असो नसो, दंडावर गोंदून नेणार तुला. वीस वर्षं खंदक खणशील. वीस वर्षं! आणि तुटका माणूस दिला म्हणून गावाला एकाच्या जागी दोन द्यावे लागतील ते वेगळेच. थुंकतो तुझ्यावर."

आणि तो खरंच थुंकला. मग जखम नीट बांधली, फिबला बाहेर ओढलं आणि गावच्या धान्याच्या कोठीत नेऊन कडी घातली.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी फिबची आई तानूब पमूनच्या दारात येऊन उभी राहिली. विधवा बाई, एकुलता एक मुलगा. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती रडली नाही.

"काका, डोळे आहेत का खोबणीत?" ती म्हणाली.

"तोंड सांभाळ, तानूब. तुझ्या मुलानं स्वतः कबूल केलंय."

"गावात सगळे म्हणतात मी तोडला. आया तोडतात ना मुलांचे अंगठे. तोडतात! सात गावांत तोडलेत. मीही तोडला असता, देवाची शपथ, जर माझा फिब जाणार असता तर."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षी त्याला उंची मोजायच्या काठीखाली उभा केला, तेव्हा तुम्हीच काठी धरली होती ना? सगळं गाव हसलं होतं. अंमलदारसुद्धा हसला होता. काठीच्या खाली एक वीत मोकळी राहिली होती, काका. पूर्ण एक वीत. अंमलदार म्हणाला होता, याला घरी न्या, दूध पाजा. मी त्या दिवशी देवळात तेल वाहिलं, माझा मुलगा बुटका जन्मला म्हणून."

पमून उभाच राहिला.

"बावीस वर्षांचा माणूस आता वाढतो का?" तानूब म्हणाली. "जो जाऊच शकत नव्हता, तो न जाण्यासाठी अंगठा कशाला तोडेल?"

रात्रभर पमून रागानं धुमसत होता. आता तो राग तसाच राहिला, पण त्याला तोंड फिरवायला जागा मिळाली. काठी त्यानंच धरली होती. ती मोकळी वीत त्यानंच पाहिली होती. आणि काल फक्त अंगठा पाहिला आणि शहाणपण गमावून बसला.

तो तडक कोठीत गेला. फिब गोणीला टेकून बसला होता.

"कशानं तोडलास?"

"विळ्यानं."

"विळा कुठंय?"

"कालव्यात टाकला."

"तोडल्यावर कालव्यापर्यंत चालत गेलास, विळा टाकलास, परत आलास, गुडघाभर दारातून आत सरपटलास. आणि खतावर रक्ताचे थेंब पडले पाच. मी मोजलेत आज पहाटे परत जाऊन. वाटेवर एकही नाही. रक्त कुठं ठेवलंस तू, गाडग्यात?"

फिबनं पट्टीचा हात मागे ओढला.

"दोर तोडायच्या आधी बांधला होता, म्हणून रक्त नाही. तो कुणी बांधला?"

"मी. दातानं."

"टोकं दोनदा फिरवून मनगटाच्या मागच्या बाजूला खोचलेली होती. दातानं खोचलीस? कर पाहू." पमूननं दोराचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. "डाव्या हातानं आणि दातानं. कर."

फिबनं दोर परत सरकवला.

"काका, मी केलं म्हणतोय ना," तो हळूच म्हणाला. "मला नेऊ द्या. तेवढं आईचं घर राहू द्या."

बुरुजालगतचं ते घर जमीनदाराचं होतं. आणि जमीनदाराच्या घरातून माणसाला राहू द्यायचं की हाकलायचं, हे ठरवणारा गावात एकच जण होता.

पण घराची धमकी देणारा आणि दोर बांधणारा एकच असेल असं थोडंच आहे?

३

यंदा सैन्याला माणूस द्यायची पाळी त्याच जमीनदाराची होती. गावातले चार जमीनदार मिळून एक गट, वर्षाला एक माणूस, आलटून पालटून. जमीनदार शहरात राहत होता. त्याच्या वतीनं कारभारी दिदिमोस यानं महिन्यापूर्वीच नाव जाहीर केलं होतं: हात्रेस, रहाटावरचा गडी. दारातून आत येताना मान वाकवावी लागते असा उंच माणूस, खांदे बैलासारखे. त्याला पाहून अंमलदार खूश झाला असता.

पमून रहाटावर गेला. बैल फिरत होते, गाडगी खाली जात होती, वर येत होती. एक गाडगं फुटलं होतं आणि हात्रेस त्याच्या जागी नवं बांधत होता.

"बरं चाललंय ना?" पमूननं विचारलं.

"चाललंय, काका."

"तुझं जाणं रद्द झालं म्हणे."

हात्रेस थांबला. "दिदिमोस म्हणाले तसं. फिब आणि ओर्सेस, दोघं बिनअंगठ्याचे, मिळून एक धरतात. म्हणजे गटाचा माणूस भरला. मला राहायला सांगितलं."

"बायको खूश असेल."

"तीन लेकरं आहेत, काका," हात्रेस म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. त्याचे हात मात्र काम करत राहिले. गाडग्याच्या गळ्याभोवती दोर आवळला, टोकं दोनदा फिरवली, आणि मागच्या बाजूनं खाली खोचली.

पमूननं गाठ ओळखली. त्याच्या हाताच्या अंतरावर तो माणूस होता, आणि पमूनच्या हातात काठीही होती. पण त्यानं स्वतःला आवरलं. काल त्यानं एकदा पाहिलं होतं आणि लगेच थुंकला होता. दुसऱ्यांदा तीच चूक नको.

हात्रेसला कारण होतं, ताकद होती, आणि गाठ त्याचीच होती. पण हात्रेससारख्या माणसाच्या डोक्यात एवढं लांबचं गणित येईल? दोन तुटके मिळून एक, हे मान्य. पण फिब काठीखाली नापास झाला होता. ज्याचं डोकं काठीला लागतच नाही, अशा माणसाचा अंगठा तोडून उपयोग काय?

ओर्सेस तेलाच्या घाण्यापाशी सावलीत बसला होता. चार वर्षांपूर्वी त्या घाण्यातच त्याचा अंगठा चिरडला होता. तेव्हापासून तो जळवेसारखा लोकांना बोलण्यानं चावत फिरायचा.

"या, पमूनकाका. अर्ध्या माणसाकडे पूर्ण माणूस आला."

"तुला कळलं?"

"कळलं म्हणजे? माझं लग्न लावून दिलंय फिबशी. तो अर्धा, मी अर्धा. एक भाकरी दोघांत, एक खंदक दोघांत. मेलो तर एकच खड्डा, म्हणजे गावाचं काम वाचलं."

"फिबला ते नापास करतील. काठीला पुरत नाही तो."

ओर्सेस हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला.

"काका, तुम्ही कधी सुटलात सैन्यातून?"

"सोळा वर्षं झाली."

"म्हणून. जोडीला काठी नाही लावत. खंदक खणायला उंची कशाला पाहिजे? शेजारच्या गावातून गेल्या साली जोडी गेली ना, त्यातला एक कुबडा होता. अंमलदारानं बघितलंसुद्धा नाही. दोन आहेत? अंगठे नाहीत? चला, गोंदा."

पमून खाली बसला. 

ज्यानं हुकूम लिहिला त्याला वाटलं असेल, आता गावं आपल्या तुटक्या माणसांना आवरतील. पण जमिनीवर उभ्या असलेल्या माणसानं तो हुकूम उलटा वाचला होता. एक धडधाकट गडी वाचवायचा असेल, तर दोन निकामी माणसं द्या. एक निकामी तर घाण्यानं आयताच करून दिला होता. दुसरा बनवायचा राहिला होता. मग असा शोधायचा, ज्याच्या जाण्यानं शेतीचं काही अडणार नाही. जो काठीला एरवी कधीच पुरला नसता.

"ओर्सेस," पमून म्हणाला, "जोडीला काठी नाही, हे हात्रेसला माहीत होतं का?"

"हात्रेस? त्याला स्वतःच्या लेकरांची नावं उलटसुलट होतात."

"मग कुणाला माहीत होतं?"

ओर्सेसनं उरलेल्या चार बोटांनी टेकाडावरच्या पांढऱ्या घराकडे दाखवलं आणि तोंड मिटलं. त्याचंही घर जमीनदाराच्याच जागेत होतं.

४

पुढच्या सकाळी पमून टेकाडावरच्या त्या पांढऱ्या घरी गेला. दिदिमोस पस्तिशीतला, गोरागोमटा, गोड बोलणारा. त्यानं पमूनला पाटावर बसवलं, पाय लांब करायला उशी दिली, थंड वाइन पुढे केली. पमूननं ती घेतली नाही.

"तुमचा राग मला समजतो," दिदिमोस म्हणाला. "तुम्ही रक्त सांडलंय आणि इथं पोरं अंगठे तोडतायत."

"फिब बुटका आहे, कारभारी. त्याला भीती कसली?"

"अहो, हाच प्रश्न मलाही पडला होता. मग कळलं. सणात कुणीतरी कंडी पिकवली, की यंदा काठी एक वीत कमी केलीय, सैन्यात माणसं कमी पडतायत म्हणून. भोळा मुलगा. घाबरला, प्यायला, तोडून बसला. अशी अफवा पिकवणाऱ्याची जीभ कापली पाहिजे."

पमून हबकला. कालपासून त्यानं जे उभं केलं होतं ते या माणसानं एका फुंकरीत पाडलं. काठी कमी झाली असं ऐकलं असेल, तर फिबला भीती वाटणं अगदी खरं होतं.

"दोर कुणी बांधला?"

"असेल कुणी मित्र. हात्रेस असेल, त्याची आणि फिबची चांगली गट्टी होती. मित्रानं मित्राला मदत केली असेल. हात्रेसला मी बोलेन." तो हसला. "बघा, मला उलट त्रासच झाला. एकाच्या जागी दोघांची तयारी. तुम्हाला तर माहीत आहे, माणूस उघडा पाठवला तर अंमलदार परत करतो. अंगरखा आणि पायताण गटानं द्यायचं. फिबचं कळलं त्याच संध्याकाळी मी तेकूसाआजीकडे माणूस धाडला, दोन अंगरखे मागावर घाल म्हणून. म्हातारीनं किती कुरकुर केली असेल!"

"परवाच्या संध्याकाळी?"

"त्याच संध्याकाळी. मी असल्या गोष्टीत ढिलाई करत नाही."

पमून उठला. पाय दुखत होता, उशीनं तो बरा झाला नव्हता.

"तुम्ही विचार करा, काका," दिदिमोस मागून म्हणाला. आता आवाजात गोडवा नव्हता. "जोडी मोडली तर एक आख्खा माणूस द्यावा लागेल. मग हात्रेस जाईल. तीन लेकरं रस्त्यावर येतील. ते तुमच्यामुळे आलेलं असेल."

५

तेकूसाआजी गावची विणकरीण होती. दात एकही नव्हता, पण डोळे शाबूत होते. तिच्या उभ्या मागावर अंगरखा चढला होता, जेमतेम तिसरा हिस्सा विणून झालेला. या मुलखात अंगरखा कापून शिवत नाहीत. बाह्यांसकट, गळ्यासकट, तो आख्खा मागावरच घडतो. ज्याचं माप घेतलं त्यालाच तो बसतो. पमूनला हे ठाऊक होतं, पण अंगरखा त्यानं आजवर फक्त अंगावर घातला होता, मागावर कधी पाहिला नव्हता.

"हा कुणाचा, आजी?"

"ओर्सेसचा. बघ, उजव्या बाहीचं तोंड जरा रुंद ठेवलंय, बिनअंगठ्याचा हात घालायला सोपं जातं."

"आणि फिबचा?"

"तो झाला." तिनं कोपऱ्यातल्या टोपलीकडे मान हलवली. वर घडी घातलेला अंगरखा होता. पमूननं उलगडला. खांद्यापासून खालच्या काठापर्यंत तो एवढासा होता, की पमूनच्या कमरेखाली जेमतेम आला. काठावर सैन्याच्या माणसाला लागते तशी लाल पट्टी होती.

"परवा संध्याकाळी निरोप आला ना तुला?"

आजीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं मूल काही वेडंवाकडं बोललं की बघतात.

"परवा संध्याकाळी? आणि आज सकाळी हा विणून झाला? पमून, माझ्यासारख्या एका बाईला काय शंभर हात असतात का? एका अंगरख्याला आठ दिवस लागतात. लाल पट्टीचे नऊ. हा माझ्या मागावरून उतरला सणाच्या आदल्या दिवशी."

पमूननं अंगरख्याची पुन्हा घडी घातली.

"माप कुणी दिलं?"

"कारभाऱ्यानं. स्वतः आला होता, तीन गाठी मारलेला दोर घेऊन. एक गाठ खांद्याची, एक हाताची, एक गुडघ्याची. मी म्हटलं, अहो, हे काय पोराचं माप आहे? सैन्यात आता पोरं नेतायत का? तो म्हणाला, आजी, तुम्ही विणा."

"आणि हात्रेसचं माप?"

"हात्रेसचं?" ती म्हणाली. "हात्रेसचं माप मला कुणी कधी दिलंच नाही, बाबा. मला वाटलं, तो आपल्या बापाचा घालून जाणार असेल."

महिनाभर सगळ्या गावाला हात्रेस जाणार असं सांगितलं होतं. त्याची बायको महिनाभर रडत होती. आणि त्याच्यासाठी एक धागासुद्धा मागावर चढला नव्हता. पण त्या दिवसांत फिबचा अंगठा अजून हाताला होता, फिब त्याच हातानं बुरुजातलं खत उपसत होता, आणि इकडे बिनअंगठ्याच्या फिबचा अंगरखा रोज वीतभर वाढत होता.

"आजी," पमून म्हणाला, "उद्या तू माझ्याबरोबर येशील का?"

"कशाला?"

"हेच सांगायला. अंमलदारासमोर."

तिनं धोटा खाली ठेवला. "घर माझंही त्याचंच आहे," ती म्हणाली. मग धोटा पुन्हा उचलून म्हणाली, "पण माग माझा आहे."

६

भरतीचा अंमलदार गौदेन्तियस नावेतून आला, तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर गाव जमलं होतं. बरोबर चार शिपाई, एक लेखनिक, मोजायची काठी आणि गोंदायच्या सुया. पायऱ्यांच्या एका बाजूला ओर्सेस आणि फिब उभे होते. फिबचा हात फडक्यात होता. तानूब त्याच्यापासून दोन पावलांवर, शिपायानं ढकललं तेवढ्याच अंतरावर.

"दोन बिनअंगठ्याचे," लेखनिक म्हणाला. "जोडी."

"जोडी नाही," पमून म्हणाला.

गौदेन्तियसनं त्याच्याकडे पाहिलं. पमूनच्या कमरेचा पट्टा त्यानं ओळखला. "तू आमच्यातला दिसतोस, म्हाताऱ्या. लवकर बोल, ऊन वाढतंय."

पमूननं लवकरच सांगितलं. रागानं त्याची वाक्यं लांबत नव्हती.

"हा फिब. गेल्या वर्षी तुमच्याच काठीखाली एक वीत कमी पडला. याला सैन्यात कुणी नेणार नव्हतं, हे याला माहीत होतं, गावाला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. कारभारी म्हणतात, यानं सणात अफवा ऐकली आणि घाबरला. बरं. मग सणाच्या आधी नऊ दिवस याच्या अंगरख्याचं माप कुणाला ठाऊक होतं? तेकूसाआजी, दाखव."

आजीनं तो चिमुकला अंगरखा उलगडला. फिबच्या अंगाला लावला. तो त्याला नेमका बसत होता, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत.

"माप देणारा कारभारी," पमून म्हणाला. "काल मला स्वतः म्हणाला, अंगठा तुटल्याचं कळल्यावर मग माप दिलं. का म्हणाला? कारण त्यानं आयुष्यात कधी माग बघितला नाही. त्याला वाटतं कपडा दुकानातून येतो. एक अंगरखा विणायला आठ दिवस जातात, हे या गावातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. फक्त त्याला नाही."

दिदिमोस पांढरा पडला. "म्हातारी चुकतेय. वयानं..."

"आणि दोराची गाठ रहाटाची आहे," पमून म्हणाला, आणि हात्रेसकडे वळला. "बोल. नाहीतर मी बोलतो."

तो बैलासारखा माणूस पायऱ्यांवर गुडघे टेकून बसला. "मी फक्त धरलं," तो म्हणाला. "अफूची वाइन त्यांनी पाजली. मी बांधलं आणि धरलं. कापलं त्यांनी, द्राक्षाच्या कोयत्यानं. म्हणाले, नाहीतर तू जाशील. मग आम्ही त्याला बुरुजात ढकललं. माझी तीन लेकरं..."

तानूब पुढे आली आणि तिनं त्याच्या तोंडात मारली. एकदा, दोनदा, आणि मग तिचा हात दुखायला लागेपर्यंत. शिपायांनी तिला अडवलं नाही.

"माझं एकच होतं," ती म्हणाली. "एकच!"

गौदेन्तियसनं कपाळावरचा घाम पुसला. "हे शहरातल्या न्यायाधीशाकडे जाईल. कारभाऱ्यानं माणसाला अपंग केलं, त्याची चौकशी तिथं होईल."

"न्यायाधीश जमीनदाराच्या ताटात जेवतो," पमून म्हणाला. "संध्याकाळपर्यंत कारभारी परत गावात असेल, आणि उद्या तानूब रस्त्यावर असेल. तुम्हाला आज एक माणूस पाहिजे. फिबनं स्वतः तोडलेला नाही, ओर्सेसचा घाण्यात गेला, म्हणून दोघांनाही हुकूम लागत नाही. जोडी मोडली. आता गटानं एक आख्खा माणूस द्यायचा. दोन अंगठ्यांचा."

"हो. तो पाहिजेच."

"मग काठी कारभाऱ्याला लावा."

दिदिमोस हसला. हसू त्याच्या तोंडावर नीट बसलं नाही. "मी कारभारी आहे!"

"कारभाऱ्याला सूट आहे असं कुठल्या हुकमात लिहिलंय, ते दाखव."

गौदेन्तियसनं लेखनिकाकडे पाहिलं. लेखनिकानं मान हलवली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. तशी वेळ आजवर कुणी आणलीच नव्हती.

गावातले लोक पायऱ्या उतरायला लागले. कुणी ओरडलं नाही. ओर्सेसनं आपल्या चार बोटांनी दिदिमोसचा दंड पकडला, दुसऱ्या बाजूनं आणखी दोघांनी, आणि त्याला काठीखाली नेऊन उभा केला. शिपायानं काठी धरली.

दिदिमोसनं गुडघे वाकवले.

हे आधी एका बाईला दिसलं, मग सगळ्यांना. तो अंगावरच्या लांब झग्याआड हळूहळू खाली सरकत होता, एक बोट, दोन बोटं. चेहरा मात्र सरळ ठेवून. ओर्सेस मोठ्यानं म्हणाला, "अरे, कारभारी वितळतायत!" पण कुणी हसलं नाही. शिपायानं काठीचं टोक त्याच्या गुडघ्यामागं हाणलं, आणि दिदिमोस सरळ झाला. डोकं काठीला लागलं. काठी बोटभर वर उचलावी लागली.

"घ्या," गौदेन्तियस म्हणाला.

गोंदणाऱ्यानं सुया काढल्या. दिदिमोस ओरडत होता, जमीनदाराचं नाव घेत होता, शहराचं, न्यायाधीशाचं. पमून तिकडे बघत नव्हता. तो फिबकडे बघत होता. पट्टीचा हात छातीशी धरून तो आईला टेकून उभा होता आणि आनंदानं नाचत वगैरे नव्हता. बुरुजाच्या आतल्या भिंतीवरून चढायला दोन्ही हात लागतात. ते आता त्याला कधी जमणार नव्हतं. सुटला होता, पण तुटलेलं परत येणार नव्हतं.

हात्रेस अजून पायरीवर बसला होता. तानूब त्याला म्हणाली, "उद्यापासून खत तू काढायचं. दारातून आत जाता येत नसेल तर भिंत फोड. वाटा आमचा." तो मान खाली घालून हो म्हणाला.

लेखनिकानं पावती लिहिली आणि पमूनपुढे धरली. गावरक्षकानं खाली साक्ष लिहायची रीत होती. मजकूर दरवर्षीचाच होता. *सेनहोर गावानं हा माणूस राजीखुशीनं सैन्याला दिला.* याच्या खाली पमूननं आजवर अकरा वेळा आपलं नाव लिहिलं होतं. छावणीतल्या एका कारकुनाकडून तो चाळिशीत अक्षरं शिकला होता आणि एकेक अक्षर नांगर धरल्यासारखं ओढायचा.

आज तो बराच वेळ ओढत राहिला. ऊन चढलं. शिपाई कंटाळून नावेत जाऊन बसले.

गौदेन्तियसनं कागद घेतला आणि वाचला. त्याचा चेहरा आवळत गेला.

"हे काय लिहिलंस?"

"वाचा ना मोठ्यानं. गावाला ऐकू दे."

गौदेन्तियसनं वाचलं नाही. म्हणून पमूननंच पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं, घाटावर सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"फिबचा अंगठा दुसऱ्यानं तोडला, फिब सोडला. दिदिमोस धरून दिला. राजीखुशीनं कोणी दिलेला नाही. याआधी अकरा दिले, तेही राजीखुशीनं नव्हते. साक्ष पमून, ज्याला एकोणिसाव्या वर्षी याच घाटावरून हातपाय बांधून नेलं होतं."

"हे खोड," गौदेन्तियस म्हणाला.

"एवढं लिहायला मला साठ वर्षं लागली," पमून म्हणाला. "तुमचं तुम्ही खोडा."

अंमलदारानं त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, घाटावरच्या गावाकडे पाहिलं. मग त्यानं कागद तसाच गुंडाळला आणि नाव सोडायला सांगितली.